वर्षाला पाच डॉलर

घरात कोणी आजारी पडले की आपल्याकडे दोन चौकश्या एकदम सुरू होतात. डॉक्टर काय म्हणाले, ही पहिली. आणि किती खर्च येईल म्हणतात, ही जरा आवाज खाली आणून केलेली दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत वैद्यकशास्त्राने पुष्कळ सुधारले. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत टॉमी डग्लस हे नाव फार वरचे आहे. कॅनडात ते घरोघरी ठाऊक आहे. २००४ साली तिथल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने सर्वांत थोर कॅनेडियन कोण, असा प्रेक्षकांचा कौल घेतला. खेळाडू, शास्त्रज्ञ, पंतप्रधान अशा सगळ्यांना मागे टाकून लोकांनी पहिला क्रमांक दिला तो डग्लस यांना. त्यांना जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती. आपल्याकडे त्यांची ओळख असलीच तर हॉलिवूडचा नट कीफर सदरलंड याचे आजोबा म्हणून. खरे म्हणजे हॉस्पिटलच्या बिलाची धास्ती ज्या ज्या घराने घेतली आहे, त्या प्रत्येक घराने या माणसाची गोष्ट ऐकावी अशी आहे.

थॉमस क्लेमेंट डग्लस यांचा जन्म २० ऑक्टोबर १९०४ रोजी स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क या गावी झाला. वडील लोखंडाच्या ओतशाळेत कामगार. टॉमी लहानपणी पडला आणि त्याच्या गुडघ्याला लागले. वरवर साधी वाटणारी जखम आत हाडापर्यंत पोचली आणि तिथे पू धरू लागली. या दुखण्याला डॉक्टर ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. पेनिसिलिन वापरात यायला अजून तीसएक वर्षे होती, तेव्हा शस्त्रक्रिया करून हाड साफ करणे आणि नशिबावर हवाला ठेवणे एवढेच हाती होते. १९१० साली हे कुटुंब समुद्र ओलांडून कॅनडातल्या विनिपेग शहरात येऊन राहिले. तिथे पाय पुन्हा चिघळला. घरात पैसा नव्हता. मुलाला हॉस्पिटलच्या धर्मादाय वॉर्डात ठेवले आणि पाय कापावा लागेल, असा निर्णय झाला.

त्या वॉर्डात डॉ. आर. जे. स्मिथ या नामांकित अस्थिशल्यविशारदाची नजर या मुलावर पडली. विद्यार्थ्यांना शिकवायला ही केस त्यांना चांगली वाटली. विद्यार्थी शस्त्रक्रिया पाहतील, या अटीवर फी न घेता पाय वाचवून बघण्याची तयारी त्यांनी दाखवली. आईवडील हो म्हणाले आणि पाय वाचला. डग्लस जन्मभर या डॉक्टरांचे उपकार मानत राहिले. मात्र उपकाराच्या जोडीने एक अस्वस्थपणाही त्यांच्या मनात घर करून राहिला. वडील श्रीमंत असते तर पहिल्या दिवसापासून चांगला शल्यविशारद मिळाला असता. ते गरीब होते म्हणून मुलाचा पाय एका भल्या माणसाच्या लहरीवर टिकला. मुलाचा पाय राहणार की जाणार, हे बापाच्या पाकिटावरून का ठरावे, हा प्रश्न ते पुढे सत्तर वर्षे विचारत राहिले.

पहिल्या महायुद्धात कुटुंब ग्लासगोला परतले. टॉमीने शाळा सोडून तिथे कारखान्यात काम केले. युद्ध संपताना मंडळी पुन्हा विनिपेगला आली. १९१९ च्या जून महिन्यात त्या शहरात कामगारांचा प्रचंड संप झाला आणि घोडदळाच्या पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. चौदा वर्षांचा टॉमी हे सारे एका इमारतीच्या छपरावरून पाहत होता. पुढे तो छापखान्यात उमेदवारी करू लागला. संध्याकाळी मुष्टियुद्धाचा सराव. ज्याचा पाय कापायला निघाले होते, त्याने १९२२ साली मॅनिटोबा प्रांताचे हलक्या वजनी गटातले अजिंक्यपद मिळवले! नाक मोडले, काही दात गेले, ते वेगळेच. मग ब्रँडन कॉलेजात शिकून तो बाप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला. १९३० साली इर्मा डेम्प्सी यांच्याशी लग्न झाले आणि हे तरुण जोडपे सस्कॅचवान प्रांतातल्या वेबर्न या गावच्या चर्चमध्ये रुजू झाले.

सस्कॅचवान म्हणजे गव्हाचा प्रदेश. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडे जास्त आणि लोकवस्ती तेव्हा नऊ लाखांच्या आसपास. १९३० नंतर तिथे दोन संकटे एकदम आली. जागतिक मंदीने गव्हाचे भाव पार कोसळवले आणि वर्षानुवर्षे पाऊस पडेना. शेतातली माती वाऱ्याने उडून घरात येऊ लागली. रोख पैसा नाहीसा झाला. डॉक्टरांची फी थकू लागली आणि पुष्कळ ठिकाणी तर डॉक्टरच राहिले नाहीत. डग्लस चर्चमध्ये कपडे आणि अन्नधान्य गोळा करून वाटत. पण धर्मोपदेशकाला अंत्यविधीही करावे लागतात. वेळेवर उपचार न मिळाल्यामुळे गेलेल्या, मागे लहान मुले टाकून गेलेल्या तरुण माणसांना आपण मूठमाती दिली, हे ते पुढे अनेक भाषणांतून सांगत. प्रवचनाने हे थांबणार नाही, असे त्यांना वाटू लागले. १९३२ साली कॅलगरी येथे शेतकरी, कामगार आणि समाजवादी मंडळींनी मिळून को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, म्हणजे सीसीएफ, हा पक्ष काढला. डग्लस त्यात गेले. १९३४ ची प्रांतिक निवडणूक ते हरले, पण पुढच्याच वर्षी खासदार होऊन ओटावाला पोचले.

थोर माणसांच्या चरित्रात एखादे पान असे असते की भक्तांना ते फाडून टाकावेसे वाटते. डग्लस यांनी १९३३ साली मॅकमास्टर विद्यापीठाला एम. ए.साठी जो प्रबंध सादर केला, तो असाच आहे. मतिमंद आणि समाजाने टाकलेल्या कुटुंबांना मुले होऊ नयेत म्हणून नसबंदीसारखे उपाय त्यांनी त्यात सुचवले होते. त्या काळी पाश्चात्त्य देशांत चांगल्या शिकलेल्या लोकांतही हे खूळ पसरले होते, तरी तेवढ्याने ते क्षम्य ठरत नाही. १९३६ साली डग्लस जर्मनीत जाऊन आले. तिथे जे पाहिले त्यानंतर त्यांनी हा विचार टाकला, आणि पुढे सत्ता हाती आल्यावर अशा नसबंदीच्या शिफारशी समोर आल्या तेव्हा त्या फेटाळून लावल्या. ते पान पुस्तकात राहू द्यावे. माणूस कुठून निघाला आणि कुठे पोचला, हे त्यामुळेच कळते.

१९४४ च्या जूनमध्ये सस्कॅचवानच्या निवडणुकीत सीसीएफने ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या. उत्तर अमेरिकेतले ते पहिले समाजवादी सरकार. चाळिशी न गाठलेले डग्लस मुख्यमंत्री झाले आणि आरोग्यखातेही त्यांनी स्वतःकडेच ठेवले. काही महिन्यांतच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले डॉ. हेन्री सिगरिस्ट यांना बोलावून त्यांनी प्रांताच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करून घेतली. पाया अगदीच कोरा नव्हता. सार्निया नावाच्या एका ग्रामीण पंचायतीने पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच करातून पैसे काढून वार्षिक पगारावर डॉक्टर नेमला होता. ते पाहून इतर गावांनीही तसे केले. शेजारशेजारची गावे मिळून एखादे हॉस्पिटल चालवत. दूरदूर विखुरलेल्या शेतकऱ्यांना एकत्र येण्यावाचून गत्यंतर नसते. त्यांच्या या सवयीचेच डग्लस यांनी कायद्यात रूपांतर केले.

१९४५ च्या जानेवारीपासून निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांना मोफत उपचार सुरू झाले. १९४६ च्या जुलैत स्विफ्ट करंट या विभागात सर्वांसाठी आगाऊ वर्गणीतून डॉक्टरी सेवेचा प्रयोग झाला. आणि १ जानेवारी १९४७ रोजी सबंध प्रांतात हॉस्पिटल विमा योजना आली. हप्ता माणशी वर्षाला पाच डॉलर. कुटुंब कितीही मोठे असले तरी तीस डॉलरच्या वर द्यायचे नाहीत. हप्ता भरणे सक्तीचे. ज्याच्याकडे कार्ड आहे त्याला हॉस्पिटलात सर्वसाधारण वॉर्डातली खाट, शुश्रूषा, शस्त्रक्रियागृह, तपासण्या, नेहमीची औषधे हे सारे मिळणार. घरी जाताना त्याच्या हातात बिल पडणार नाही. हॉस्पिटलचे पैसे सरकारी निधी परस्पर देणार.

यातली गोम नीट समजून घ्यायला हवी. बँकेत मी तीसएक वर्षे काढली. मुदतीआधी ठेव मोडायला आलेला माणूस काउंटरशी उभा राहिला की बहुतेक वेळा त्याचा चेहराच कारण सांगून जाई: हॉस्पिटल. लग्नासाठी आणि घरासाठी माणूस आधी आखणी करतो. आजारपण मात्र न सांगता येते आणि एकाच घराला गाठते. शंभर घरांपैकी यंदा कोणती चार-पाच घरे सापडतील, हे कोणालाच ठाऊक नसते. शंभरही घरांनी धडधाकट असताना थोडे थोडे बाजूला टाकले तर त्या चार-पाच घरांची ठेव मोडत नाही. विम्याचे तत्त्व एवढेच. पण खासगी विमा कंपनीला निवड करावीशी वाटते. म्हातारा नको, आधीचा आजार असलेला नको, घेतलाच तर जादा हप्ता. आपल्याकडे १९८६ साली मेडिक्लेम पॉलिसी आली, तेव्हापासून आपण हे अनुभवतो आहोत. पॉलिसी असूनही खोलीच्या भाड्याची मर्यादा, आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा, न मिळणाऱ्या किरकोळ खर्चाची यादी या सगळ्यांतून बिलाचा काही भाग शेवटी पेशंटच्या खिशावर येतोच. डग्लस यांनी सबंध प्रांतच एका वहीत घेतला. निरोगी आणि रोगी, तरुण आणि म्हातारा, सगळे एकाच खात्यात. निवडायला कोणी उरलाच नाही.

हप्ता ठेवावा की नाही, यावर त्यांचे मत पक्के होते. सगळा खर्च करातून भागवता आला असता. पण आपण पैसे भरले आहेत, तेव्हा ही सेवा आपल्या हक्काची आहे, असे लोकांना वाटायला हवे, असे त्यांचे म्हणणे. धर्मादाय वॉर्डात पडून राहिलेल्या मुलाला हा फरक नीट ठाऊक होता. अर्थात पाच डॉलरमध्ये सगळे भागत नव्हतेच. खाटा अपुऱ्या पडू लागल्या, हॉस्पिटले वाढवावी लागली. उरलेला पैसा प्रांताच्या तिजोरीतून आला. विक्रीकराचा काही भाग हॉस्पिटलांसाठी बाजूला काढावा लागला.

समाजवादी म्हणजे उधळ्या, अशी एक समजूत असते. डग्लस आणि त्यांचे अर्थमंत्री क्लॅरन्स फाइन्स यांनी ती पार खोटी ठरवली. सावकारांच्या मर्जीवर चालणारे सरकार लोकांचे काही भले करू शकत नाही, या विचाराने त्यांनी वर्षामागून वर्ष शिलकीचे अंदाजपत्रक मांडले आणि मंदीच्या काळातले प्रांताचे कर्ज उतरवत आणले. म्हणूनच डॉक्टरांच्या फीचा प्रश्न त्यांनी लगेच हाती घेतला नाही. हॉस्पिटलचे बिल थांबले होते. डॉक्टरांची फी मात्र लोक अजून पदरची देत होते. सर्वांसाठी हीही सोय करायचे वचन त्यांनी दिले होते, पण तिजोरीत बळ येईपर्यंत ते थांबले. १९५७ साली केंद्र सरकारने हॉस्पिटल विम्याचा सुमारे निम्मा खर्च उचलण्याचा कायदा केला आणि १९५८ च्या जुलैपासून पैसे येऊ लागले. १९६१ पर्यंत दहाही प्रांतांत हॉस्पिटल विमा आला. सस्कॅचवान अकरा वर्षे हा भार स्वतः वाहत होता. तो आता अर्धा हलका झाला. डिसेंबर १९५९ मध्ये डग्लस यांनी डॉक्टरी सेवेची योजना जाहीर केली. तिची तत्त्वे पाच: पैसे आगाऊ भरायचे, सर्वांना सामावून घ्यायचे, दर्जा उत्तम ठेवायचा, कारभार सरकारी यंत्रणेने पाहायचा, आणि देणारा व घेणारा दोघांनाही ती मान्य व्हावी.

पाचव्या तत्त्वापाशी गाडी अडली. प्रांतातल्या डॉक्टरांच्या संघटनेने जोरदार विरोध सुरू केला. सरकार आपले मालक होईल, पेशंट आणि डॉक्टर यांच्यामध्ये कारकून येऊन बसेल, अशी भीती त्यांना वाटत होती. १९६० च्या निवडणुकीत सभासदांकडून वर्गणी गोळा करून त्यांनी प्रचार केला. डॉक्टर प्रांत सोडून जातील, अशा अफवा उठल्या. तरी डग्लस पुन्हा निवडून आले. नोव्हेंबर १९६१ मध्ये कायदा मंजूर झाला. त्याच सुमारास नव्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे देशपातळीवरचे नेते म्हणून त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि शाळामास्तर राहिलेले वुड्रो लॉइड यांच्या खांद्यावर पुढची लढाई आली.

१८ जून १९६२ च्या केंद्रीय निवडणुकीत डग्लस रेजायना शहरातून उभे राहिले. ज्या शहरात सतरा वर्षे मुख्यमंत्री म्हणून काढली, तिथेच ते मोठ्या फरकाने हरले. वातावरण इतके तापले होते. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १ जुलैला, योजना सुरू झाली. वर्षाचा हप्ता एकट्या माणसाला बारा डॉलर आणि कुटुंबाला चोवीस. त्याच दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. तातडीच्या केसेससाठी थोडी हॉस्पिटले उघडी राहिली. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर बोलावले. विरोधकांनी विधानभवनावर मोर्चा काढला. पण आला तो जमाव अपेक्षेच्या मानाने फारच थोडा होता. शेवटी ब्रिटनमधले लॉर्ड टेलर यांनी मध्यस्थी केली आणि तेविसाव्या दिवशी, २३ जुलैला, सस्काटून इथे समझोता झाला. डॉक्टर सरकारी नोकर होणार नाहीत, आपापले दवाखाने चालवतील, केलेल्या कामाप्रमाणे फी घेतील. फक्त ती फी पेशंटकडून येण्याऐवजी सार्वजनिक निधीतून येईल. बघता बघता डॉक्टरांच्याही लक्षात आले की आता उधारी बुडत नाही!

लॉइड यांचे सरकार १९६४ साली पडले. पण आलेल्या नव्या सरकारला योजना मोडायची छाती झाली नाही. त्याच वर्षी न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने असा विमा सबंध देशात हवा, असा अहवाल दिला. हा आयोग नेमला होता डग्लस यांच्या विरोधी पक्षाच्या पंतप्रधानांनी. १९६६ च्या डिसेंबरात लेस्टर पिअर्सन यांच्या सरकारने कायदा आणला आणि तो १७७ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. दुसऱ्या मतदारसंघातून निवडून आलेले डग्लस तेव्हा विरोधी बाकांवर बसले होते. १९७२ पर्यंत सगळे प्रांत योजनेत आले.

पण पैशाचा प्रश्न मागच्या दाराने पुन्हा येतोच. १९६८ साली खुद्द सस्कॅचवानमध्ये सरकारने डॉक्टरकडे गेल्यास दीड डॉलर आणि हॉस्पिटलात राहिल्यास दिवसाला अडीच डॉलर असे शुल्क बसवले. लोक उगाच गर्दी करतात, थोडे खिशातून गेले की कमी येतील, हा हिशोब. लोक कमी आले खरे. नंतरच्या अभ्यासात दिसले की सर्वांत जास्त कमी झाल्या त्या गरीब कुटुंबांच्या फेऱ्या. पेशंटची गरज आणि पेशंटची ऐपत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दाराशी लावलेला गल्ला फक्त ऐपत मोजतो. १९७१ साली ते शुल्क रद्द झाले. पुढे इतर प्रांतांत काही डॉक्टर विम्याच्या वर जादा रक्कम मागू लागले. १९७९ साली ओटावात योजना वाचवण्यासाठी परिषद भरली, तिथे पंच्याहत्तरीचे डग्लस उभे राहून बोलले. १९८४ च्या कॅनडा हेल्थ अ‍ॅक्टने अशा जादा वसुलीला आर्थिक दंडाचा चाप लावला. तो कायदा संसदेत एकमताने झाला.

कॅनडात सगळे आलबेल आहे, असे कोणी समजू नये. गुडघा किंवा खुबा बदलायला तिथे महिनोन् महिने थांबावे लागते आणि लोक त्यावर चिडतात. हॉस्पिटलबाहेरची औषधे, दात, चष्मा या गोष्टी मूळ योजनेत कधी आल्याच नाहीत. त्यांचे पैसे बरीच वर्षे लोक स्वतः किंवा नोकरीतल्या विम्यातून भरत आले. आता कुठे त्यासाठी एकेक पाऊल पडते आहे. डग्लस यांनाही हे काम पुरे झाले असे वाटत नव्हते. त्यांच्या मते त्याचे दोन टप्पे होते. पहिला, डॉक्टर आणि पेशंट यांच्यामधली पैशाची भिंत पाडणे. दुसरा अधिक अवघड: माणसे मुळात आजारीच कमी पडतील अशी व्यवस्था उभी करणे, कारण तसे केले नाही तर खर्च वाढत जाईल आणि पाडलेली भिंत पुन्हा बांधा, असे म्हणणारे पुढे येतील.

२४ फेब्रुवारी १९८६ रोजी ओटावात कर्करोगाने त्यांचे निधन झाले. सस्कॅचवानमध्ये पहिले विमा कार्ड घेतलेल्या कुटुंबांची आता तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. हॉस्पिटलात दाखल होण्याआधी कॅशियरच्या खिडकीशी अनामत रक्कम मोजून ठेवावी लागते, हे त्यांतल्या मुलांना सांगितले तर त्यांना ते खरे वाटत नाही.